दुमड, मुडप, मुरड

घरात तीनचार वर्षांचे मूल वावरू लागले की त्या घरातला कचरा नाहीसा होतो. म्हणजे घर स्वच्छ होते असे नव्हे. उलट ते कधी नव्हे इतके विस्कटते. परंतु ज्या वस्तूंना आपण आजवर कचरा म्हणत आलो, त्या एकेक करून मालमत्तेच्या पदवीला चढतात. रिकामी काड्यापेटी, नारळाची करवंटी, नव्या सदऱ्याच्या घडीतून निघालेला पुठ्ठा, लग्नपत्रिकेचा जाड कागद, शिंप्याकडून आलेल्या चिंध्या, यांतले काहीही टाकायला निघावे तर एक लहानसा हात आडवा येतो आणि प्रश्न येतो, "ह्याचं काय करायचं?" या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी असली म्हणजे घरगुती हस्तकलेची निम्मी सामग्री जमली असे समजावे. उरलेली निम्मी म्हणजे बोथट टोकाची एक कातर, वाडगाभर खळ आणि दुपारचा मोकळा तास.

या उद्योगाचे दोन उपयोग सर्वांना ठाऊक आहेत. मूल तासभर गुंतून राहते हा एक, आणि त्याच्या बोटांना वळण लागते हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. परंतु आमच्यासारख्या घरांना, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना, त्याचा एक तिसराही उपयोग आहे आणि तो मला अलीकडे पहिल्या दोहोंपेक्षा मोठा वाटू लागला आहे.

माझे माहेर गोव्यात फोंड्याकडचे, सासर वडोदऱ्याचे. सून गुजराती आहे, नातवंडांची शाळा इंग्रजी आहे, अंगणातला खेळ गुजराती-हिंदीत चालतो. मराठी उरते ती आजीपुरती. नातू सहा वर्षांचा, नात चार वर्षांची; दोघांनाही मराठी समजते आणि ती बोलतातही. पाहुणे कौतुकाने म्हणतात, "वा, मुले छान मराठी बोलतात!" मी मात्र काही दिवस कान देऊन ऐकले, तेव्हा ध्यानात आले की त्यांच्या बोलण्यात मराठी नामे पुष्कळ आहेत, पान आहे, फूल आहे, पोळी आहे, चांदोबा आहे. नाही ती क्रियापदे. कागद 'फोल्ड कर', कापड 'कट कर', चित्र 'पेस्ट कर', मणी 'फिक्स कर'. सगळ्या मराठी भाषेतून एकच क्रियापद शिल्लक राहिले आहे आणि ते म्हणजे 'कर'. बिचारे सर्व कामांना पुरे पडते आहे!

परकी नामे आली म्हणून मला कधी वाईट वाटलेले नाही. नामे भाषेत पाहुण्यासारखी येतात आणि घरचीच होऊन राहतात. कागद हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फीत आणि चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांना कोणी परके म्हणत नाही. परंतु क्रियापद म्हणजे भाषेचा हात. तो हात गळून पडला तर नुसत्या नामांनी काही घडत नाही. आणि हाताची क्रियापदे पुस्तकातून शिकवता येत नाहीत. 'मुरडणे म्हणजे काय?' असे सहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला बसावे, तर आपल्यालाच शब्द सापडत नाहीत. करंजीची कड त्याच्या हातात द्यावी, अंगठा आणि तर्जनी कशी चालते ते दाखवावे, आणि म्हणावे, 'अशी मुरड घाल.' संपले. तो शब्द त्याच्या बोटात गेला; तो तेथून सहसा निघत नाही.

म्हणून आमच्या घरच्या हस्तकलेला मी एकच नियम घातला आहे: मुलाच्या वस्तूला मोठ्याने हात लावायचा नाही. धारेचे आणि विस्तवाचे काम आपले; बाकी सर्व मुलाचे. आपल्याला राहवत नसेल तर आपण शेजारी बसून आपली वेगळी होडी करावी, त्याच्या होडीचे शीड सरळ करायला जाऊ नये. हा नियम शिक्षणशास्त्रात काय म्हणून बसतो याची मी फारशी चौकशी केली नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की हात बांधलेले असल्यामुळे मोठ्या माणसाला जिभेने काम करावे लागते. चुकलेली घडी बोटाने नीट करून दिली असती तर एक शब्दही खर्ची पडला नसता. आता सांगावे लागते, आणि नेमके सांगावे लागते. 'असं कर, तसं कर' म्हणून भागत नाही. मूल आपल्याकडे पाहत राहते.

उदाहरणार्थ, होडीचा कागद. होडी चौकोनी कागदाचीही होते आणि लांबटही. परंतु बऱ्याच घडीकामाला चारही बाजू सारख्या असलेला कागद लागतो. वर्तमानपत्राच्या लांबट तुकड्यातून तो मोजपट्टीशिवाय कसा काढायचा? वरचा कोपरा उचल. समोरच्या कडेवर आण. कडेला कड जुळव. आता तिरपी घडी पडली, ती नखाने दाब. खाली जी पट्टी उरली ती मागे मुडप, पुढे मुडप आणि फाड. उघड. एवढ्या पाचसात वाक्यांत कोपरा, कड, घडी, तिरपे, जुळवणे, दाबणे, मुडपणे, फाडणे, उघडणे हे सारे आले. आणि मुलाला आपण भाषा शिकतो आहोत याची शंकासुद्धा आली नाही. त्याला हवी होती होडी. साध्या होडीवरून शिडाची होडी, तीवरून राजाराणीची होडी अशी बढती मिळत जाते, तसतशी वाक्येही लांबतात.

या घडीकामाला कोणी पोरखेळ म्हणू नये. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली. तीच पुढे किंडरगार्टन म्हणून जगाला माहीत झाली. तेथील उद्योगांत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. तो उद्योग फिरत फिरत आपल्याकडे आला, तेव्हा मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांनी त्यावरून स्फूर्ती घेऊन कागदाच्या घड्यांतून भूमिती सिद्ध करणारे एक इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासेत प्रसिद्ध केले. किंडरगार्टनमधल्या कागदाच्या घड्यांवरून आपल्याला ही कल्पना सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे. पोरांच्या होडीतून भूमिती निघू शकते, तर भाषा का निघू नये?

मराठीत या घड्यांचे किती प्रकार आहेत, हे मला नातवंडांना सांगता सांगता नव्याने कळले. कागद मधोमध दुप्पट केला की तो दुमडला. त्याची नुसती कड किंवा कोपरा आत घेतला की मुडपला. तीच कड बोटांनी पिळत पिळत नेली की मुरडली. एकापाठोपाठ एक बारीक घड्या घालून पंखा केला की चुण्या पडल्या. मुठीत धरून चेंडू केला की चुरगळला. दोऱ्याला पीळ देतात, वाती मात्र वळतात. कात्रीने कागद कातरतात, विळीवर भाजी चिरतात, जुने धोतर टरकावतात. मण्याला भोक असते म्हणून तो ओवतात. भोक नसलेल्या फुलांना दोऱ्याच्या वेढ्यात धरून गुंफतात. यांतला एकेक शब्द म्हणजे बोटांची एकेक निराळी चाल आहे. 'फोल्ड कर' म्हटल्याने यांतली एक चाल जमेल. उरलेल्या कोठून यायच्या?

भाषांच्या शेजारामुळे गमतीही होतात. एकदा पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवण्याचा कार्यक्रम चालला होता. नातवाने खळ फासून कागद लावला. मी म्हटले, "आता तो वाळू दे." त्याने मोठ्या आज्ञाधारकपणे तो ओला कागद पुठ्ठ्यासकट मधोमध दुमडला. गुजरातीत 'वाळवुं' म्हणजे दुमडणे! आजीने सांगितले तसेच त्याने केले होते. पुठ्ठा सोडवताना कागद फाटला, पण त्या दिवसापासून मराठीचे वाळणे आणि गुजरातीचे वाळवुं यांतला फरक तो आपल्या बहिणीला अधिकारवाणीने सांगत असतो. दोन भाषांतला असा एखादा फरक हाताला चिकटला की दोन्ही भाषा पक्क्या होतात.

खळीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण बाजारातल्या डिंकाच्या नळीने घरातली खळ हद्दपार केली आहे. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा. मग एकूण चारपाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी झिलईदार दिसू लागली की उतरवावी. निवल्यावर मुलांच्या स्वाधीन करावी. पूर्वी पुस्तके बांधणारे लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. ते विष आहे, मुलांच्या खळीत ते चुकूनही घालू नये. मोरचुदाशिवाय खळ दोनतीन दिवस टिकते, तेवढी पुरे. कालवणे, ढवळणे, निवणे, फासणे, हे शब्द या वाडग्याबरोबर फुकट मिळतात. नळीतल्या डिंकाला एकच शब्द लागतो: 'दाब'.

तशीच हळद. हळदीच्या दाट पाण्यात जाडसर कागद बुडवून वाळवावा. काडीच्या टोकाने त्यावर साबणाच्या पाण्याने चित्र काढले की पिवळ्यावर लाल रेघ उमटते. तिच्यावर लिंबाचा रस पडला की रेघ पुन्हा पिवळी. हळदीवर चुन्याचा संस्कार करून पूर्वी कुंकू करीत, त्यातले मर्म हेच आहे. रंगपेटीच्या पैशांत दहा मुलांना पुरेल असा हा खेळ आहे, आणि त्यात पुसणे, भिजवणे, पिळणे, ठिबकणे सारे येते.

सुटीत मुलांना गोव्यात माझ्या भावाकडे नेले की कागद मागे पडतो आणि माड पुढे येतो. पडलेले चुडत ओढून आणायचे. पान पातीपासून सुटे करायचे. मधली हीर काढून घ्यायची. त्या पातीची अरुंद टोकापासून थोडी तिरकी गुंडाळी करीत गेले की सनईसारखा भोंगा तयार होतो. रुंद तोंडाशी हिरीचा तुकडा टोचून तो पक्का करायचा आणि अरुंद तोंडात पानाचा दुसरा चपटा तुकडा खोचायचा, की पिपाणी झाली. दोन पाती एकमेकींच्या वेढ्यात अडकवून मधोमध हीर घातली की भिरभिरे. चेंडू, साप आणि मनगटावरचे घड्याळ हे पुढचे वर्ग.

माझा भाऊ मुलांशी कोंकणीत बोलतो. पाती ओढताना नातवाला त्याने बजावले, "सवकास ओड, पिंजतलें!" नातू चमकला. वातींसाठी कापूस पिंजतात हे त्याला माहीत होते. पान कसे पिंजेल? कोंकणीत पिंजणे म्हणजे फाटणे, हे कळल्यावर तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे कापूसपण थोडा फाटतोच की!" मराठी आणि कोंकणी यांच्या नात्याविषयी थोरामोठ्यांनी इतके वाद घातले आहेत, पण कापसाच्या पिंजणीत आणि माडाच्या पात्यात तो एका धाग्याचा संबंध इतक्या सहज मला कोणी दाखवला नव्हता. 'हीर' तर दोहोंकडे एकच. अंगणात बसून भावाची सून अबोलीची फाती केळीच्या दोऱ्याने गुंफत होती, नातीने तिला विचारले, "ओवत का नाहीस?" तेव्हा मला मनातून फार बरे वाटले. प्रश्न चार वर्षांच्या मुलीचा होता, पण तो विचारायला ओवणे आणि गुंफणे हे दोन्ही शब्द जवळ असावे लागतात.

वडोदऱ्यात माड दुर्मिळ; तेथे आमची सामग्री आकाशातून येते. १४ जानेवारीला उत्तरायण झाले की पुढचे चार दिवस गच्चीवर, झाडांत, तारांवर फाटक्या पतंगांची सुगी असते. आम्ही ते पतंग गोळा करतो, कागद सोडवतो आणि बांबूच्या कामट्यांसकट गादीखाली सपाट करून ठेवतो. दिवाळीत त्यांचाच आकाशकंदील होतो. कामट्या तासण्याचे आणि चौकट बांधण्याचे काम माझे. कागद चिकटवणे आणि झिरमिळ्या कातरणे मुलांचे. पतंगाला बांधतात ती मराठीत कन्नी आणि गुजरातीत किन्ना. शब्द सीमा ओलांडताना किती थोडे कपडे बदलतात ते पाहावे. आमच्या कंदिलाची एक बाजू नेहमी कललेली असते. शेजारी बाजारचा झगझगीत कंदील असतो, पण मुलांना आपला तिरपा कंदील दुरूनही ओळखू येतो.

प्रत्येक गावाने आपल्या मुलांच्या हातांची अशी काहीतरी सोय करून ठेवलेली असते. बेळगावात दिवाळीला मुले किल्ला करतात. दगडविटांचे तुकडे रचायचे, चिखलात बुडवलेले गोणपाट वर अंथरायचे, माती थापायची, लिंपायची, पायऱ्या कोरायच्या, मोहरी नाहीतर अळीव पेरून पाणी शिंपडायचे. चार दिवसांत हिरवळ उगवते. गोव्यात नाताळाला ख्रिस्ती शेजाऱ्यांची मुले गोठा करतात, तेथेही माती, गवत, मातीची लहान माणसे हाच संसार असतो. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, तिला पाकळ्या आणि चमकीचा कागद लावतात, शेवटी किल्लाकोट करून तिचे विसर्जन करतात. ग्वाल्हेरकडे शारदीय दिवसांत तीन काड्यांच्या आधारावर मातीचे डोके बसवून मुले टेसू फिरवतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी संजा आणि टेसू आपल्याकडे येऊ द्यावे. पण ते करताना घरात बोलावे मात्र मराठीत. भिंत सारवायची ती सारवावीच. 'क्लीन' करू नये.

हल्ली या सर्व गोष्टी फोनच्या पडद्यावर शिकता येतात. मीही पाहिल्या आहेत. त्यांत दोन सुबक हात दिसतात, मागे गोड संगीत वाजते, आणि तीन मिनिटांत कागदाचे कमळ फुलते. कौशल्य निर्विवाद आहे. पण ते हात मुके आहेत. जगातल्या कोणत्याही भाषेच्या मुलाला कळावे म्हणून त्यांनी सगळ्याच भाषा वर्ज्य केल्या आहेत. तयार सामान भरलेल्या पेट्यांचीही तीच कथा. १, २, ३ असे आकडे आणि बाण. आणि शाळेतून येणारा प्रकल्प तर मूल निजल्यावर आईबाप रात्री अकरा वाजता पुरा करतात. तेथे हात मोठ्यांचे, वस्तू सुंदर, आणि शब्द एकही नाही.

अशा वेळी मला ताराबाई मोडकांची आठवण होते. मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात, म्हणजे गुजरातीच्या घरात, बालशिक्षणाचा अनुभव घेतला. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये त्याचे रोप लावले. परदेशी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती; म्हणून बिया, पाने, खडे, माती अशा भोवतालच्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने केली. साधन जेव्हा भोवतालचे असते, तेव्हा त्याचे नावही भोवतालच्या भाषेत आधीच तयार असते. विकत आणलेल्या वस्तूबरोबर तिचे नावही विकतच येते.

अर्थात या मार्गाने मुले मराठीची पंडित होतील असा माझा दावा नाही. नातू उद्या शिकायला कोठे जाईल, घर कोठे करील, कोणत्या भाषेत हिशेब लिहील, हे मी ठरवू शकत नाही. त्याच्या मुलांशी मराठीत बोलणारे कोणी घरात असेल की नाही, याचा विचार रात्री कधी कधी मनात येतो आणि मी तो बाजूला सारते. परवा सून त्याच्या वहीला वेष्टन घालीत होती. कागदाची कड कशी घ्यावी ते तिला साधेना. तो जवळ उभा होता. हात मागे बांधून, अगदी नियमाप्रमाणे. तो गुजरातीतच म्हणाला, "मम्मी, फोल्ड नहीं, मुडप." तिने विचारले, "मुडप एटले शुं?" त्याने काय उत्तर दिले ते मी ऐकले नाही, मी तेथून उठून गेले होते. थोड्या वेळाने पाहिले तर वेष्टन नीट बसले होते.

होडी पन्हाळीच्या पाण्यात विरघळते, पिपाणी दुसऱ्या दिवशी वाळून बेसूर होते, किल्ल्यावरची मोहरी सुकते, कंदील कार्तिकात उतरतो. या वस्तू टिकाव्यात म्हणून काचेच्या कपाटात ठेवण्याचा मोह मी टाळते. कपाट भरले की नवे करणे थांबते. येत्या पावसाळ्यात, एखाद्या कोंडलेल्या दुपारी, वाचकांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. कातर, कागद, चिंध्या काय हाताशी असेल ते घ्यावे, हात मागे बांधावेत आणि तोंड उघडावे. घरात लहान मूल नसेल तर शेजारचे उसने आणावे. खळ मात्र आपल्या घरची असावी.